फूटपट्टीचा न्याय

काय महागले आणि काय स्वस्त झाले यांची सचित्र कोष्टके छापण्याचा रिवाज आपल्या वृत्तपत्रांत जुना आहे. महागाईच्या रकान्यात सिगारेटचे चित्र बहुधा असतेच. ते पाहून ओढणारा थोडा कुरकुरतो, न ओढणारा समाधान पावतो, आणि सरकारने प्रजेच्या आरोग्यासाठी काहीतरी केले अशी समजूत करून घेऊन दोघेही कचेरीच्या वाटेला लागतात. पण महागली ती कोणती सिगारेट, किती महागली, कोणाला महागली आणि कशाच्या मानाने महागली, हे चार प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही केंद्र सरकारचे कारकून. अधिसूचनांचे शब्द, तळटीपा आणि परिशिष्टे वाचण्यात आमचा दिवस जातो. तेव्हा या चार प्रश्नांची उत्तरे सरकारच्याच कोष्टकांतून शोधावी असे आम्ही ठरविले. ती शोधल्यावर जे मत बनले ते आडपडदा न ठेवता सांगतो. आपल्या देशात सिगारेटवर कर बसतो तो मिलिमीटरच्या हिशेबाने. तिने होणाऱ्या अपायाशी त्या हिशेबाचा संबंध नाही. हा हिशेब चालू असेतो ‘आरोग्यासाठी करवाढ’ ही भाषा सरकारच्या तोंडी शोभत नाही.

सरकारने तंबाखूवर हात ठेवला त्याला आता ८० वर्षे उलटून गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चाचा ताण असताना १९४३ साली तंबाखूवरील उत्पादन शुल्काचा कायदा झाला, आणि पुढच्याच वर्षी ते शुल्क केंद्रीय उत्पादन शुल्क व मीठ कायद्यात सामावले गेले. त्या काळी शेतातल्या पानापासून वसुली सुरू होई. कोणी किती पिकविले, किती वाळविले, कोठे साठविले, याच्या नोंदी ठेवीत खात्याचे लोक खेडोपाडी हिंडत. १९७९ साली कच्च्या तंबाखूवरील शुल्क उठले आणि भार तयार मालावर आला. मध्यंतरी १९५७ साली केंद्र आणि राज्ये यांच्यात एक समझोता झाला होता: साखर, कापड आणि तंबाखू यांवर राज्यांनी विक्रीकर घेऊ नये, केंद्राने त्याऐवजी जादा उत्पादन शुल्क वसूल करून ते राज्यांना वाटून द्यावे. ही व्यवस्था सुमारे ५० वर्षे टिकली. २००७ पासून राज्यांना तंबाखूवर मूल्यवर्धित कर लावण्याची मोकळीक मिळाली आणि राज्याराज्यांचे दर वेगवेगळे झाले. बदल्यांच्या निमित्ताने मुलूख पालथा घातलेल्या आमच्या वाचकांना त्या दहा वर्षांतला हा फरक आठवत असेल. १ जुलै २०१७ रोजी वस्तु व सेवा कर आला आणि तो फरक मिटला.

या सगळ्या काळात एक प्रश्न मात्र सरकारला छळीत राहिला: कराची गाठ कशाशी बांधावी? १९८३ ते १९८७ या चार वर्षांत ती पाकिटावर छापलेल्या किमतीशी बांधली होती. छापील किंमत कमी, तर शुल्क कमी. मग व्हायचे तेच झाले. छापील किंमत एक आणि दुकानातली दुसरी, अशी स्थिती आली. दुकानदार घेतो ते जादा पैसे कंपनीच्या संमतीनेच घेतो, सबब शुल्कही त्या जादा किमतीच्या हिशेबाने भरावे, असे म्हणून १९८७ च्या मार्चमध्ये खात्याने देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीकडे सुमारे ८०० कोटी रुपयांची मागणी केली. दावा १७ वर्षे चालला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि खात्याच्या हाती कागदांचे गठ्ठे राहिले.

तोवर सरकारने किमतीचा नाद केव्हाच सोडला होता. १९८७ च्या अंदाजपत्रकापासून लांबीचे माप आले. सिगारेट किती मिलिमीटरची, एवढेच पाहायचे आणि दर हजारी ठोक रक्कम घ्यायची. ही सुधारणा त्या वेळी शहाणपणाची होती, हे आम्ही नाकारीत नाही. किंमत लपविता येते, लांबी लपविता येत नाही. कज्जे कमी झाले, वसुली सोपी झाली. ज्यांनी मुंगेर, सहारनपूर किंवा बंगळूर येथे सिगारेटच्या कारखान्यांवर देखरेखीचे काम केले असेल, त्यांना या सोपेपणाचे मोल ठाऊक असेल. परंतु वसुलीची सोय म्हणजे धोरण नव्हे. तिजोरीच्या सोयीसाठी निवडलेले माप पुढे लोकांच्या आरोग्याचे माप म्हणून मिरविले जाऊ लागले, तेथे आमचा आक्षेप सुरू होतो.

हे माप कसे चालते ते पाहावे. बिनफिल्टरची सिगारेट ६५ मिलिमीटरपर्यंत असेल तर एक दर, ६५ ते ७० असेल तर दुसरा. फिल्टरच्या सिगारेटची ६५ पर्यंत एक पायरी, ७० पर्यंत दुसरी, ७५ पर्यंत तिसरी, आणि उरलेल्या सगळ्या ‘इतर’. फिल्टर प्रत्यक्षात कितीही तोकडा असो, लांबी मोजताना तो निदान ११ मिलिमीटरचा धरावा, अशीही तरतूद आहे. म्हणजे फिल्टर आखडून तेवढी तंबाखूची नळी लांबविण्याची युक्ती चालू नये. कायदा करणाराची दक्षता वाखाणण्यासारखी आहे. पण ज्याला पायऱ्या ठाऊक आहेत तो पायरीच्या काठावर उभा राहणारच. बाजारातल्या सिगारेटी ६४, ६९ आणि ७४ मिलिमीटरच्या का असतात, याचे उत्तर ६५, ७० आणि ७५ या आकड्यांत आहे. प्रत्येक रेषेच्या अलीकडे एक मिलिमीटर राखून कारखान्याचे यंत्र लावलेले असते. २०१२ पूर्वी सर्वांत खालची रेषा ६० मिलिमीटरवर होती. त्या वर्षी ती ६५ वर सरकली आणि पाठोपाठ ६४ मिलिमीटरची फिल्टर सिगारेट बाजारात अवतरली. ओढणाराची आवड, तंबाखूचा गुण, कारागिरी यांतले काहीही या लांबीला कारण नाही. ही सिगारेट सरकारच्या कोष्टकाने घडविली आहे.

२००८ साली बिनफिल्टरच्या आखूड सिगारेटवरील शुल्क हजारी १६८ रुपयांवरून एकदम ८१९ रुपयांवर नेण्यात आले. त्यानंतर बिनफिल्टरचा माल मोठ्या कंपन्यांच्या यादीतून जवळजवळ नाहीसा झाला. याला यश म्हणावे असे कोणी सुचवील. पण नाहीसा झाला तो माल. ओढणारा कोठे गेला? कोणी आखूड फिल्टरकडे वळला, कोणी विडीकडे. उतरायला खालची पायरी असली की माणूस जिना सोडीत नाही, एक पायरी उतरतो. करवाढीने व्यसन सुटावे अशी इच्छा असेल, तर पहिले काम म्हणजे उतरण्याच्या पायऱ्या काढून टाकणे. आपले कोष्टक नेमक्या त्याच पायऱ्या बांधून देते.

आता ताजी गोष्ट घेऊ. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने केंद्रीय उत्पादन शुल्काचा कायदा दुरुस्त केला आणि १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटवर नवे दर लागू झाले. वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. नुकसानभरपाई उपकर संपला आणि त्याच्या जागी पुन्हा उत्पादन शुल्काची ठोक रक्कम आली. फार मोठी वाढ म्हणून तिचा गाजावाजा झाला, आणि लांब सिगारेटच्या बाबतीत ती मोठी आहेही. पण खालच्या दोन पायऱ्या शेजारी ठेवून पाहाव्या. ६५ मिलिमीटरपर्यंतच्या फिल्टर सिगारेटवर आधी हजारी २,०७६ रुपये उपकर होता, आता २,१०० रुपये शुल्क आहे. ६५ ते ७० मिलिमीटरच्या सिगारेटवर आधी २,७४७ रुपये होते, आता ४,००० आहेत. म्हणजे या दोन पायऱ्यांतले अंतर पूर्वी हजारी ६७१ रुपयांचे, एका सिगारेटमागे ६७ पैशांचे होते; ते आता हजारी १,९०० रुपयांचे, एका सिगारेटमागे १ रुपया ९० पैशांचे झाले. अंतर जवळजवळ तिप्पट झाले, आणि त्यावर ४० टक्क्यांचा कर पुन्हा चढतो तो वेगळाच. ६९ मिलिमीटरची सिगारेट ओढणाराला सरकारने जणू हात धरून सांगितले आहे: सोडू नका, पाच मिलिमीटर आखूड ओढा.

यावर कोणी विचारील की आखूड सिगारेटमध्ये तंबाखू कमी, मग कर कमी असला तर बिघडले कोठे? बिघडले ते हे की फुप्फुस मिलिमीटर मोजीत नाही. आखूड सिगारेट ओढणारा एकाऐवजी दोन ओढतो, झुरका खोल घेतो, थोटूक बोटाला चटका बसेपर्यंत सोडीत नाही. तंबाखूच्या धुराला निर्धोक असे प्रमाण नाही, हे वैद्यकशास्त्राने निर्विवाद सांगितले आहे. मग चौसष्टाव्या मिलिमीटरपर्यंत सवलत आणि सहासष्टाव्यापासून दंड, ही विभागणी कोणत्या शास्त्रात बसते? आमच्या मते ती एकाच शास्त्रात बसते, आणि ते म्हणजे गिऱ्हाईक टिकवून वसुली वाढविण्याचे शास्त्र.

दुसरा दोष याहून खोल आहे आणि तो सरकारी नोकरांना चटकन कळावा, कारण त्याचे माप आमच्या पगाराच्या कागदावरच छापलेले असते. जुलै २०१७ मध्ये महागाई भत्ता मूळ वेतनाच्या ५ टक्के होता. जुलै २०२५ मध्ये तो ५८ टक्के झाला. मधल्या काळात १८ महिने तो गोठविला गेला, ते दुःख आज बाजूस ठेवू. कनिष्ठ लिपिकाचे सुरुवातीचे मूळ वेतन १९,९०० रुपये. त्यावर भत्ता धरून जुलै २०१७ मध्ये २०,८९५ रुपये होत. तेच मूळ वेतन कायम धरले तर जुलै २०२५ मध्ये ३१,४४२ रुपये होतात. वाढ पन्नास टक्क्यांची. आता याच काळात ६५ ते ७० मिलिमीटरच्या फिल्टर सिगारेटवरील ठोक कराचे काय झाले ते पाहा. २,७४७ रुपयांचा उपकर जुलै २०१७ मध्ये ठरला तो साडेआठ वर्षे जागचा हलला नाही. २००१ च्या भूकंपानंतर आलेले राष्ट्रीय आपत्ती आकस्मिकता शुल्क तेवढे २०२० मध्ये ९० वरून ४४० रुपयांवर आणि २०२३ मध्ये ५१० रुपयांवर गेले. दोन्ही मिळून २,८३७ चे ३,२५७ झाले. वाढ जेमतेम १५ टक्क्यांची.

याचा अर्थ उघड आहे. ज्या सरकारला दर सहा महिन्यांनी आमचा भत्ता ठरविताना महागाई दिसते, त्याच सरकारला सिगारेटवरील कर ठरविताना ती साडेआठ वर्षे दिसली नाही. हजार सिगारेटींवरील उपकर जुलै २०१७ मध्ये त्या कारकुनाच्या वेतन-भत्त्याच्या १३ टक्के होता, जुलै २०२५ मध्ये तो पावणेनऊ टक्क्यांखाली घसरला. वर्तमानपत्रे ‘सिगारेट महागली’ म्हणत होती आणि कमावत्या माणसाच्या मिळकतीच्या मानाने तिच्यावरील कर हलका होत होता. कर जेथे थांबला तेथे किमती थांबल्या असे मात्र नाही. कंपन्यांनी सवडीने, रुपया-दोन रुपयांनी किमती वाढविल्या, आणि त्या वाढीतला जो वाटा ठोक कराच्या रूपाने तिजोरीत यायला हवा होता तो भागधारकांकडे गेला. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण अशाच प्रसंगासाठी आहे. २०२६ चे नवे आकडेही असेच ठोक आहेत. महागाईशी त्यांची गाठ बांधलेली नाही. आज ४,००० रुपयांचा धाक वाटतो, पण आणखी आठ वर्षे तो आकडा तसाच राहिला तर त्याचेही २,७४७ सारखेच व्हायचे.

नियम घाईने बदलले की त्यांतून कोणाचे फावते याचा दाखला २०१७ च्या जुलैमध्येच मिळाला होता. वस्तु व सेवा कर आला तेव्हा करावर कर चढण्याची जुनी पद्धत गेली, आणि नव्या दरांनी सिगारेटवरील एकूण भार पूर्वीपेक्षा कमी भरतो, हे कर लागू झाल्यावर ध्यानात आले. किंमत कमी न करता कंपन्यांच्या पदरात वर्षाला सुमारे ५,००० कोटी रुपये पडले असते. १७ जुलैला परिषदेची तातडीची बैठक होऊन उपकर हजारी ४८५ ते ७९२ रुपयांनी वाढविला गेला. चूक १७ दिवसांत सुधारली याबद्दल परिषदेला धन्यवाद. पण २०२६ मध्ये उपकराऐवजी उत्पादन शुल्क आल्याने त्या शुल्कासह होणाऱ्या किमतीवर वस्तु व सेवा कर बसतो, म्हणजे करावर कर पुन्हा आला. जे २०१७ साली दोष म्हणून काढले ते २०२६ साली उपाय म्हणून घातले. आमचे म्हणणे एवढेच की असे उलटेपालटे करण्याऐवजी एकदा तत्त्व ठरवावे आणि त्याला चिकटून राहावे.

किमतीचा शेवटचा घाट पानाच्या गादीवर पडतो. पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते आणि तिच्याहून अधिक घेणे गुन्हा आहे. पण आपल्या देशात सिगारेटी फार मोठ्या प्रमाणावर सुट्या विकल्या जातात, आणि सुट्या सिगारेटवर किंमत छापलेली नसते. समजा दहाच्या पाकिटाची छापील किंमत ९५ रुपये आहे. सुटी सिगारेट साडेनऊ रुपयांना कोण देणार? ती दहाला जाते. पन्नास पैशांचा व्यवहार बाजारातून उठला असल्यामुळे किंमत ठरविण्याचा खरा अधिकार नाण्याकडे आला आहे. लहान करवाढ गिऱ्हाइकापर्यंत पोचतच नाही, कारण पुरा रुपया वाढल्याखेरीज सुट्या विक्रीत किंमत हलत नाही. शिवाय सुटी घेणाराला पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापलेला सचित्र इशारा दिसत नाही. ज्याच्या खिशात पाकिटाचे पैसे नाहीत, तो महाविद्यालयातला मुलगा पहिली सिगारेट सुटीच घेतो. महाराष्ट्र सरकारने २०२० च्या सप्टेंबरात सुट्या विक्रीवर बंदी घातली, कर्नाटकाने त्याआधी २०१७ मध्ये घातली. गादीवाल्यांनी त्या बंदीला किती मान दिला हे त्या राज्यांत राहणाऱ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहावे.

आता ज्या प्रश्नाला सरकार सदैव बगल देत आले त्याकडे वळू. तो प्रश्न विडीचा. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीनुसार प्रौढांपैकी ४ टक्के सिगारेट ओढणारे होते आणि ७.७ टक्के विडी ओढणारे. म्हणजे धुराचा मोठा भाग विडीचा. तंबाखूमुळे या देशात दर वर्षी सुमारे १३ लाख माणसे मरतात, आणि त्यांत हातावर पोट असणारांचा भरणा किती असेल हे सांगायला निराळी पाहणी नको. जागतिक आरोग्य संघटना सांगते की किरकोळ किमतीत कराचा वाटा निदान ७५ टक्के असावा. २०२६ पूर्वी सिगारेटच्या बाबतीत तो सुमारे ५३ टक्के होता. विडीच्या बाबतीत सुमारे २२. वस्तु व सेवा कर आल्यापासून विडीवर नुकसानभरपाई उपकर कधीच नव्हता. आणि २०२६ च्या ज्या फेब्रुवारीत सिगारेटवरील कर ४० टक्क्यांवर गेला, त्याच फेब्रुवारीत विडीवरील २८ टक्क्यांचा कर १८ वर आला. तेंदूपत्त्यावरचा त्याआधीच १८ वरून ५ वर आला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे हे आरोग्यधोरण आहे.

यावर उत्तर तयार असते: विडी कामगारांचे काय? प्रश्न खरा आहे आणि तो आम्ही हलका समजत नाही. आमच्या वाचकांपैकी कोणी सागर-जबलपूरकडे असेल, कोणी मुर्शिदाबादेत, कोणी निजामाबादेत. तेथे घरोघरी सुपात पाने आणि तंबाखू घेऊन बसलेल्या बाया त्याने पाहिल्या असतील. आपल्याकडे सोलापूर, सिन्नर आणि सीमेपलीकडे निपाणी येथे हेच दृश्य आहे. पण कराची सवलत या बाईच्या पदरात पडते का, याचा हिशेब कोणी मांडला आहे? तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. वस्तु व सेवा कराचा दर दहा टक्क्यांनी उतरला म्हणून हजारामागची मजुरी वाढावी असे बंधन कोणत्याही अधिसूचनेत नाही. तिच्या दवाखान्यासाठी, घरासाठी, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी १९७६ च्या कायद्याने विडीवर एक वेगळा कल्याण उपकर होता. तो थेट तिच्या नावाचा पैसा होता. २०१७ साली वस्तु व सेवा कराच्या मांडणीत तोच उपकर उठविला गेला आणि तिचे कल्याण सर्वसाधारण अंदाजपत्रकाच्या मर्जीवर सोपविले गेले. कामगारासाठी विडी स्वस्त ठेवतो म्हणणाऱ्यांनी कामगाराच्या नावाचा उपकर आधी काढून घेतला, ही गोष्ट विसरता येणार नाही. कामगाराच्या पदराआड उभा राहून सवलत घेणारा कारखानदार आहे. त्या विडीचा धूर मात्र बहुधा दुसऱ्या कोणा मजुराच्याच छातीत जातो.

दुसरा आक्षेप चोरट्या मालाचा. कर वाढला की परदेशी चोरट्या सिगारेटी येतात, असे कंपन्या प्रत्येक अंदाजपत्रकापूर्वी सांगतात. चोरटा व्यापार आहे, हे कोण नाकारील? पण चोर येतात म्हणून घराला कुलूप न लावण्याचा सल्ला कोणी मानीत नाही. तंबाखूचा अवैध व्यापार रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २०१८ साली सामील झाला आहे. त्याप्रमाणे प्रत्येक पाकिटाचा कारखान्यापासून गादीपर्यंत माग ठेवणे, सीमाशुल्क खात्याला माणसे आणि साधने देणे, हे त्यावरचे औषध. कर हलका करणे हे औषध नव्हे.

तिसरा आक्षेप थोडा हळुवार आवाजात येतो: माणसाला आपल्या पैशाने ओढण्याचे स्वातंत्र्य नाही काय? आहे, आणि आम्ही कोणाच्या हातातली सिगारेट हिसकावू इच्छीत नाही. आमच्या कचेरीत ओढणारे आहेत, न ओढणारे आहेत. चहा दोघे एकत्रच घेतात. प्रश्न सरकारच्या सचोटीचा आहे. सरकार २००४ पासून तंबाखूनियंत्रणाच्या जागतिक करारात बांधलेले आहे, आणि मागणी घटविण्याचे साधन म्हणून कराचा उल्लेख त्या करारात स्पष्ट आहे. तेच सरकार सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत आयुर्विमा महामंडळाच्या द्वारे मोठा भागधारक आहे. म्हणजे आमच्या-तुमच्या विम्याच्या हप्त्यांतला काही भाग तेथे गुंतलेला आहे. आरोग्य मंत्रालय इशाऱ्याचे चित्र छापते, अर्थ मंत्रालय मिलिमीटर मोजते, कामगार मंत्रालय विडीची बाजू घेते, आणि या तिन्ही फायली एका टेबलावर कधी येत नाहीत. सचिवालयात काम करणारांना या प्रकाराचे नवल वाटणार नाही. परंतु येथे ज्या विलंबाने नुकसान होते ते माणसांचे आहे, म्हणून नवल न वाटणे हाच दोष ठरतो.

केवळ दोष दाखवून थांबणे आम्हांस उचित वाटत नाही. म्हणून मागण्याही सांगतो. लांबीच्या पायऱ्या मोडाव्यात आणि प्रत्येक सिगारेटवर, मग ती ६४ मिलिमीटरची असो की ८४ ची, एकच ठोक शुल्क असावे. ते वरच्या पायऱ्यांच्या जवळ असावे. श्रीमंताच्या लांब सिगारेटला यात सूट मिळते असे कोणी म्हणेल, तर किमतीवरचा ४० टक्क्यांचा कर महाग सिगारेटवर आपोआप अधिक पडतोच. हे ठोक शुल्क दर वर्षी वाढावे, आणि ज्या निर्देशांकावर आमचा महागाई भत्ता ठरतो त्याच निर्देशांकाने वाढावे. त्यासाठी अर्थमंत्र्यांच्या भाषणाची वाट पाहावी लागू नये. सुट्या विक्रीची बंदी सर्व राज्यांत लागू व्हावी, म्हणजे छापील किंमत आणि छापील इशारा दोन्ही गिऱ्हाइकाच्या हाती पडतील. विडीवरील कर टप्प्याटप्प्याने सिगारेटच्या जवळ आणावा, आणि त्यातून येणारा जादा पैसा कायद्यानेच विडी कामगारांच्या दवाखान्यांना, घरांना आणि दुसऱ्या धंद्याच्या शिक्षणाला बांधून द्यावा. १९७६ सालचा उपकर तेच करीत होता. नवी कल्पना नको, जुनीच परत आणावी.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या टेबलांवरून या विषयाची टिपणे जातात. कोणी अर्थ मंत्रालयात असेल, कोणी सीमाशुल्कात, कोणी राज्याच्या करखात्यात प्रतिनियुक्तीवर. त्यांच्या हाती धोरण नसते, हे आम्हांला ठाऊक आहे. पण टिपणीच्या समासात एक वाक्य लिहिण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. पुढच्या वेळी दरांचे कोष्टक समोर आले आणि त्यात ६५, ७० आणि ७५ हे आकडे पुन्हा दिसले, तर त्यांच्यापुढे एवढेच लिहावे: या आकड्यांनी किती माणसांनी सिगारेट सोडली आणि किती माणसे एक पायरी खाली उतरली, याची माहिती सादर करावी. ती माहिती मागविली जाईपर्यंत कोष्टकावर सही करण्याची घाई कोणी करू नये.